आधी कान, मग डोळे : घरचा जुना टीव्ही आणि स्पीकर बदलताना

टीव्ही बारा-पंधरा वर्षांचा झालेला असतो. ॲम्प्लिफायरचं व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खर्र आवाज येतो, सीडीचा ट्रे अर्ध्यात अडकतो, रिमोटवरचे आकडे पुसून गेलेले असतात. दसरा-दिवाळीच्या ऑफर सुरू झाल्या की ठरतं, यंदा मोठा टीव्ही घेऊन टाकू. टीव्ही येतो, जुने स्पीकर माळ्यावर जातात आणि महिन्याभरात घरातली वडीलधारी माणसं पुन्हा विचारू लागतात, "काय म्हणाला तो?"

टीव्ही आणि स्पीकर सारख्या वेगानं म्हातारे होत नाहीत. टीव्हीतली ॲप्स पाच-सात वर्षांत रखडायला लागतात, जोडण्यांची पद्धत बदलते. नीट बनवलेला स्पीकर मात्र पंचवीस-तीस वर्षं सहज साथ देतो, आणि आजच्या पातळ टीव्हीच्या पोटात मावणाऱ्या स्पीकरपेक्षा तो आजही कितीतरी चांगला वाजतो. म्हणून माझा आग्रह असा, की आधी कानांची सोय पाहावी, मग डोळ्यांची. खर्चही त्याच क्रमानं करावा.

दुकानात जाण्याआधी

करा : घरातल्या प्रत्येक यंत्रापुढे त्याची नेमकी तक्रार लिहा. "टीव्ही जुना झाला" ही तक्रार नव्हे. "यूट्यूब उघडायला दोन मिनिटं लागतात", "मालिकेत चेहरे धूसर दिसतात", "सिनेमातले संवाद कळत नाहीत" या तक्रारी आहेत, आणि तिन्हींवरचे इलाज वेगवेगळे आहेत. पहिलीला एचडीएमआयमध्ये खोचायची स्ट्रीमिंग स्टिक पुरते. दुसरी बऱ्याचदा केबलची असते. तिसरी स्पीकरची.

करा : सेट-टॉप बॉक्सच्या मागे वाकून पाहा. बॉक्स एचडी, टीव्ही एचडी, पण दोघांमध्ये अजून पिवळी-लाल-पांढरी वायर, असं चित्र अनेक घरांत दिसतं. त्या पिवळ्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही. 576 ओळींचं जुनं चित्र मोठ्या पडद्यावर ताणून दिसतं. तिथे एचडीएमआय केबल लावा. मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये रिझोल्युशन 1080 वर आहे ना, आणि तुमच्या पॅकमध्ये झी मराठी, स्टार प्रवाह यांच्या एचडी वाहिन्या आहेत की साध्या, तेही बघा. एवढं करून चित्र सुधारलं तर टीव्हीचा खर्च आणखी दोन वर्षं पुढे ढकलता येईल.

करा : काहीही सोडवण्याआधी मागच्या जोडण्यांचे फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर नाव लिहा.

टाळा : केवळ ॲप्स मंद झाली म्हणून टीव्ही काढणं. पॅनल चांगलं असेल तर स्टिक लावून त्याला नवं आयुष्य मिळतं.

आवाज

इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण पैसे सगळ्यात जास्त इथेच वाया जातात आणि योग्य ठिकाणी खर्च केले तर समाधानही इथेच मिळतं.

करा : जुन्या स्पीकरची जाळी काढून शंकूच्या कडेची गोल पट्टी पाहा. ही पट्टी शंकूला पुढे-मागे हलू देते. ती रबराची किंवा कापडाची असेल तर बहुधा ठणठणीत असते. फोमची असेल तर बोटानं अगदी हळू स्पर्श करा. बोटाला काळपट, चिकट चुरा लागला, किंवा पट्टीला भेग दिसली, तर तो फोम संपला आहे. आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः मुंबई-कोकण-गोव्यात, पंधरा-वीस वर्षांत फोम असा विरतो. पण तेवढ्यानं स्पीकर मेला असं नाही. फक्त ती पट्टी बदलून देणारे कारागीर आहेत; सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत विचारले तर मिळतात. लाकडी पेटी, चुंबक, शंकू सगळं तसंच राहतं. फाटक्या फोमवर मोठ्यानं गाणी लावत राहिलात तर मात्र आतली कॉइल घासून खरोखरच निकामी होईल.

करा : बटणाची खरखर आधी साफसफाईनं घालवायचा प्रयत्न करा. ॲम्प्लिफायरचं व्हॉल्यूम खरखरतं ते बहुतेक वेळा आतल्या धुळीमुळे आणि गंजामुळे. जाणकाराकडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारून घ्या. गंजलेले नटबोल्ट सोडवायचा घरातला स्प्रे त्यात मारू नका.

टाळा : ॲम्प्लिफायर किंवा जुना डबा टीव्ही घरी उघडणं. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये आणि पिक्चर ट्यूबमध्ये धोकादायक वीज साठलेली असते.

करा : नवा टीव्ही जुन्या ॲम्प्लिफायरला जोडा. "याला ती लाल-पांढरी भोकंच नाहीत" असं म्हणून लोक चांगला ॲम्प्लिफायर भंगारात देतात. बहुतेक टीव्हींना ऑप्टिकल आउटपुट असतं. त्यातला डिजिटल आवाज साध्या लाल-पांढऱ्या वायरीत उतरवणारी डॅक नावाची छोटी डबी मिळते, आणि साधी डॅक महाग नसते. ती ॲम्प्लिफायरच्या ऑक्स किंवा सीडी लिहिलेल्या जागी लावा, आणि टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर ठेवा. ते डॉल्बीवर राहिलं तर साध्या डॅकमधून आवाजच येत नाही, आणि लोक डबी खराब निघाली म्हणून परत करतात.

टाळा : ही वायर फोनो लिहिलेल्या भोकात लावणं. ते इनपुट रेकॉर्ड प्लेअरच्या सुईसाठी असतं. सुईकडून येतात फक्त काही मिलिव्होल्ट. टीव्ही किंवा सीडीकडून येतो एक-दोन व्होल्टचा सिग्नल. फोनोत तो गेला की आवाज फाटतो आणि नुसता घुमतो.

टाळा : पीएमपीओचे आकडे. खोक्यावर हजारो वॅट पीएमपीओ छापलेलं असतं. त्याला कोणतंही ठरलेलं मोजमाप नाही. आरएमएस किती ते विचारा. हॉलसाठी प्रत्येक स्पीकरला 30 ते 50 खरे वॅट भरपूर झाले. वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त 3 डेसिबलनं वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतकाच.

करा : संवाद कळत नाहीत या तक्रारीकडे गंभीरपणे बघा. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. आवाज भिंतीवर आपटून येतो आणि शब्दांची धार जाते. वय झालेल्या कानांना आधी उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. त्यात 'स', 'श', 'फ' ही व्यंजनं येतात, आणि शब्द ओळखू येतो तो व्यंजनांवरूनच. आजोबा आवाज वाढवतात, सूनबाई कमी करतात, आणि दोघांचंही बरोबर असतं. इलाज आहे समोर तोंड असलेला स्पीकर. मग तो जुन्या स्टिरिओची जोडी असो, मधल्या चॅनेलचा वेगळा स्पीकर असो की साउंडबार. त्यातही दुकानात साउंडबार ऐकताना स्फोटाचा सीन लावू देऊ नका. बातम्या लावायला सांगा, आवाज घरी ठेवता तेवढाच ठेवा, आणि ज्यांना ऐकू कमी येतं त्यांनाच सोबत न्या. शब्द स्पष्ट कळले तर तो साउंडबार तुमचा.

करा : साउंडबार एचडीएमआयच्या त्याच भोकात लावा ज्यावर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलं आहे. टीव्हीला चार भोकं असली तरी हे साधारण एकच असतं. त्यानं टीव्हीचा आवाज परत साउंडबारकडे जातो आणि सीईसी सुरू असेल तर एकाच रिमोटवर दोन्ही चालतात. हे सेटिंग सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक अशा नावांनी सापडतं. घरात ज्येष्ठ असतील तर एक रिमोट ही चैन मानू नका, ती गरज आहे.

टाळा : टीव्हीचा आवाज ब्लूटूथवरून स्पीकरला देणं. गाणी ऐकायला ते चालतं, पण चित्र पाहताना ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. काही टीव्हींमध्ये ही तफावत भरून काढायचं सेटिंग असतं, तरी वायर ती वायर.

करा : हॉलच्या मधोमध उभं राहून जोरात टाळी वाजवा. टाळीमागून झणझणीत शेपूट ऐकू आलं तर तुमच्या निम्म्या तक्रारी खोलीच्या आहेत. टाइल्सची फरशी, उघड्या भिंती, काचेचं टेबल, सरकत्या काचेची बाल्कनी : आपले नवे फ्लॅट आवाजासाठी कठीणच. स्पीकर आणि सोफा यांच्या मध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा, काचेवर जाड पडदा, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. महागड्या स्पीकरनं पडणार नाही इतका फरक यानं पडतो.

करा : दोन स्पीकर आणि तुमची बसायची जागा यांचा साधारण समभुज त्रिकोण जमवा. लहान शंकू, म्हणजे ट्वीटर, कानाच्या उंचीवर. शोकेसच्या खणात ठेवणं भागच असेल तर निदान पुढच्या कडेपर्यंत ओढा. आत ढकललेला स्पीकर खणासकट घुमतो.

टाळा : वायरीची धन-ऋण बाजू उलटी लावणं. एका स्पीकरला उलटी लागली की खर्ज गायब होतो आणि गाणाऱ्याचा आवाज मधून यायचा तो कुठूनच येत नाही. शंका आली तर एकाच स्पीकरची टोकं अदलाबदल करून ऐका.

टाळा : हजारो रुपयांच्या स्पीकर वायरी. शुद्ध तांब्याची 1.5 किंवा 2.5 चौरस मिलिमीटरची साधी वायर घरच्या अंतराला पुरते. फक्त ती खरंच तांब्याची आहे ना, की ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, एवढं टोक सोलून पाहा.

टाळा : सबवूफर थेट फरशीवर, कोपऱ्यात. कोपऱ्यात खर्ज फुगतो आणि स्लॅबमधून खालच्यांच्या बेडरूममध्ये उतरतो. खाली जाड रबर किंवा फोमचा पॅड द्या, कोपऱ्यापासून बाजूला घ्या, रात्री दहानंतर बंदच ठेवा. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे, ती 2000 सालच्या नियमांनी ठरवलेली आहे. सोसायटीतलं शेजारपण जपायला मात्र त्या नियमाचीही गरज पडू नये.

पडदा

करा : सोफा ते भिंत अंतर टेपनं मोजा. 4के टीव्हीसाठी पडद्याच्या तिरप्या मापाच्या सव्वा ते दीडपट अंतर छान. म्हणजे 55 इंचाला साधारण सहा-सात फूट. तुमचं अंतर दहा फूट असेल तर 43 इंचाच्या 4केचा बारकावा डोळ्यांना दिसणारच नाही.

करा : सुताराकडून करून घेतलेल्या टीव्ही युनिटचा खण मोजा. त्या काळी तो 32 इंचाला करून घेतलेला असतो. 55 इंची टीव्ही सुमारे 123 सेंटिमीटर रुंद, 65 इंची 145 च्या आसपास. बाजूला हवा खेळायला जागा वेगळी. जिन्याचं वळण आणि लिफ्टही मोजा, कारण खोकं उभंच न्यायचं असतं. आडवं झोपवलं तर पॅनलला तडा जाऊ शकतो.

टाळा : करामुळे 32 इंचावर अडून राहणं. 32 इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्के झाला. आता माप खोली बघून ठरवा.

टाळा : भिंतीवर उंच टांगणं. फोटोला हार घालायच्या उंचीवर टीव्ही लावला तर तीन तासांच्या सिनेमानंतर मान बोलते. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून मीटरभर उंच असतात. पडद्याचा मध्य त्याच्या आसपास हवा. 55 इंचाची खालची कड मग 65 ते 70 सेंटिमीटरवर येते.

करा : भिंत कशाची आहे ते बसवणाऱ्याला आधी सांगा. नव्या इमारतींत सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकची भिंत असते; साधा फिशर त्यात धरत नाही, त्यासाठीचे वेगळे अँकर मिळतात. ते घेऊन ठेवा.

टाळा : दिवसभर बातम्यांची वाहिनी चालू असणाऱ्या घरात ओएलईडी घेणं. त्याचं काळं खरोखर काळं असतं, अंधाऱ्या खोलीत सिनेमा पाहायला त्यासारखं दुसरं नाही. पण वाहिनीचा लोगो आणि खालची लाल पट्टी रोज दहा-बारा तास एकाच जागी राहिली तर तिचा ठसा पडद्यावर उमटून कायमचा राहू शकतो. पश्चिमेची उन्हं येणाऱ्या उजेडी हॉललाही चांगला एलईडी किंवा मिनी-एलईडी बरा.

करा : घरी आल्यावर व्हिविड मोड काढा. तो दुकानाच्या झगमगाटासाठी असतो. सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावा. पहिल्या दिवशी चित्र पिवळट वाटेल. आठवडाभर तसंच राहू द्या. मग जुना मोडच निळा आणि भडक वाटू लागेल. मोशन स्मूदिंगही बंद करा, नाहीतर सेकंदाला 24 चौकटींत चित्रित झालेला सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो.

करा : 4के पाहायचं तर इंटरनेट तपासा. नेटफ्लिक्स 4केसाठी 15 एमबीपीएस मागतं. राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर टीव्हीपर्यंत लॅन केबल ओढा.

वीज आणि हवा

टाळा : सवयीनं स्टॅबिलायझर घेणं. बहुतेक आजचे टीव्ही 100 ते 240 व्होल्टवर चालतात, मागच्या लेबलवर लिहिलेलं असतं. पैसे चांगल्या सर्ज प्रोटेक्टरवर आणि त्याआधी अर्थिंगवर घाला. जुन्या इमारतीत तीन भोकांचा सॉकेट असतो पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. अर्थिंग नसेल तर सर्ज प्रोटेक्टर त्याचं काम पुरतं करू शकत नाही.

करा : वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लगसोबत छतावरच्या डिशची केबलही बॉक्समधून काढा. भार तिच्यातूनही येतो आणि बॉक्समार्गे टीव्हीचा एचडीएमआय बोर्ड जाळतो.

करा : समुद्राकाठी राहत असाल तर पावसाळा संपल्यावर सगळ्या पिना एकदा काढून, पुसून परत लावा.

टाळा : अमेरिकेतून परतताना तिथला ॲम्प्लिफायर थेट आपल्या सॉकेटला लावणं. तिथे 120 व्होल्ट, इथे 230. मागे व्होल्टेज बदलायचं बटण नसेल तर पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. मुलाकडून किंवा बहिणीकडून आलेल्या चांगल्या सामानासाठी तो खर्च योग्यच आहे.

कॅसेट आणि रेकॉर्ड

करा : नव्या साउंडबारचा विचार बाजूला ठेवून आधी घरच्या कॅसेट डिजिटल करून घ्या. दुकानातून आणलेली गाणी पुन्हा मिळतील. आजीनं जात्यावरच्या ओव्या म्हटलेली, बारशाला पणजीनं पाळणा म्हटलेली, वडिलांनी रेडिओवरून टेप केलेली कॅसेट दुसरीकडे कुठेही नाही. टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाला असेल तर बदलून घ्या, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसा, कॅसेट आधी एकदा पुढे-मागे पूर्ण गुंडाळा. डेकचं लाइन आउट यूएसबी ऑडिओ इंटरफेसमधून संगणकात, ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर, आणि 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिटची वेव्ह फाइल. तासाभराच्या कॅसेटला 600 एमबीच्या आसपास जागा लागते. फाइलच्या नावात कोण, कुठे, कधी हे लिहा; आवाज ओळखणारी माणसं आज समोर आहेत तोवर त्यांना विचारून लिहा. दोन प्रती करा, एक दुसऱ्या घरी ठेवा.

टाळा : टेपवर पांढरी बुरशी दिसत असताना ती चालवणं. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते.

टाळा : 78 आरपीएमच्या तबकड्यांना अल्कोहोल लावणं. त्या लाखेच्या आहेत, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. त्यांच्या खाचा रुंद असतात, म्हणून सुईही वेगळी, एलपीच्या सुईपेक्षा साधारण तिप्पट जाड लागते. एलपीच्या सुईनं त्या वाजवल्या तर आवाज खरखरीत येतो आणि सुईही जाते.

करा : एलपी उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. सुईचे तास मनात मोजा. पाचशे ते हजार तासांनी ती बदलायची. झिजलेली सुई रेकॉर्डच्या खाचेतलं गाणंच खरवडते.

जुनं देताना

टाळा : डबा टीव्ही भंगारवाल्याला देणं. त्याच्या काचेत शिसं असतं, आणि तांब्यासाठी ती ट्यूब उघड्यावर फोडली जाते. 2022 चे ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. जुनं सामान नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रात जायला हवं. नवा टीव्ही घेताना दुकानदाराला किंवा कंपनीला तशी व्यवस्था विचारा.

करा : चालू टीव्ही कामवाल्या मावशींना किंवा गावच्या शाळेला देत असाल तर सोबत रिमोट, स्टँड, स्टँडचे स्क्रू आणि चालणारी केबल द्या. त्याआधी त्यातली सगळी खाती साइन आउट करा, फॅक्टरी रीसेट मारा आणि मागे राहिलेला पेन ड्राइव्ह काढून घ्या.